विश्लेषण : मोतीबिंदूसाठी लेझर वापरणाऱ्या डॉ. पॅट्रिशिया बाथ यांचं खरं मोठं काम कोणतं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल इंटरनेटवर काही शोधलं, तर थोड्याच वेळात एका कृष्णवर्णीय महिला डॉक्टरचा फोटो समोर येतो. पांढरा कोट, आत्मविश्वासाने कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा आणि खाली एक ओळ : यांनी लेझरने मोतीबिंदू काढण्याचा शोध लावला. या डॉ. पॅट्रिशिया बाथ. काही पोस्टमध्ये त्यांना ऑप्टोमेट्रिस्ट म्हटलेलं असतं, काहींत शास्त्रज्ञ, काहींत समाजसेविका.

यातलं बरंचसं खरं आहे, पण अर्धवट. लेझरची कल्पना त्यांना सुचली तेव्हा त्या ३८-३९ वर्षांच्या होत्या. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी, शिकाऊ डॉक्टर असतानाच, त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. दोन दवाखान्यांमधल्या रुग्णांकडे नीट बघितलं आणि प्रश्न विचारला. माझ्या मते, लेझरपेक्षा तो प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

कोण होत्या पॅट्रिशिया बाथ?

४ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांचा जन्म झाला. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. वडील रुपर्ट बाथ कॅरिबियनमधल्या त्रिनिदादहून आलेले. ते काही काळ व्यापारी जहाजांवर होते, वर्तमानपत्रात लिहायचे आणि पुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोटरमन झाले. त्या रेल्वेतले ते पहिले कृष्णवर्णीय मोटरमन अशी नोंद आहे. आई ग्लॅडिस लोकांच्या घरी घरकाम करायच्या. त्या कमाईतून मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला पडायचे. लेकीला रसायनशास्त्राच्या प्रयोगांचा पहिला संच आईनेच आणून दिला.

मुलगी हुशार होती आणि घाईतही होती. शाळेचा शेवटचा टप्पा तिने अडीच वर्षांत संपवला. १९५९ मध्ये, १६ वर्षांची असताना, तिला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी संशोधन उपक्रमात जागा मिळाली. विषय होता कर्करोग. कर्करोगाच्या पेशी किती वेगाने वाढतील याचा अंदाज बांधणारं एक गणिती समीकरण तिने तिथे मांडलं. ते मार्गदर्शकांना इतकं पटलं की पुढच्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झालेल्या शोधनिबंधात तिच्या कामाचा समावेश झाला.

म्हणजे माणसांच्या आजाराकडे आकड्यांतून बघायची सवय त्यांना डॉक्टर होण्याच्या आधीपासून होती. पुढची गोष्ट समजायला हे उपयोगी पडेल.

हंटर कॉलेजमधून १९६४ मध्ये रसायनशास्त्राची पदवी आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून १९६८ मध्ये एमडी, असं त्यांचं शिक्षण झालं. अमेरिकेत एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी असते. त्यानंतर इंटर्नशिप आणि मग एकेका विषयातलं प्रशिक्षण.

१९६८ च्या उन्हाळ्यात काय घडलं?

त्या वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. गरिबांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये मोठं आंदोलन करायचं त्यांनी ठरवलं होतं. ते गेल्यावरही आंदोलन झालं. देशभरातून आलेले गरीब लोक राजधानीच्या मधोमध तंबू आणि लाकडी झोपड्या उभारून काही आठवडे राहिले. या वस्तीला ‘रिझरेक्शन सिटी’ म्हणायचे. तिथे पावसाने चिखल झाला होता आणि लहान मुलांसह हजारो माणसं दाटीवाटीने राहत होती.

हॉवर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना एकत्र करून बाथ यांनी त्या वस्तीत स्वयंसेवक म्हणून आरोग्यसेवा दिली. नुकतीच पदवी घेतलेल्या २५ वर्षांच्या डॉक्टरचं हे पहिलं मोठं सामाजिक काम. त्यांच्या अनेक चरित्रांत याला एखादंच वाक्य मिळतं. पण रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न बघता दवाखान्यानेच रुग्णाकडे जायचं, ही त्यांच्या पुढच्या सगळ्या कामातली रीत इथेच दिसते.

एकाच शहरातले दोन दवाखाने

हॉवर्डहून त्या परत घरी, हार्लेमला आल्या. हार्लेम हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप केली आणि १९६९-७० मध्ये कोलंबिया विद्यापीठात नेत्रविज्ञानाची फेलोशिप. त्यामुळे त्यांचं काम दोन्हीकडच्या डोळ्यांच्या ओपीडीत चालायचं. एक हार्लेमची, दुसरी कोलंबियाची. नकाशावर बघितलं तर दोन्हींमध्ये अंतर जेमतेम तीन किलोमीटर.

हार्लेमच्या ओपीडीत येणारे जवळपास निम्मे रुग्ण एक तर अंध होते किंवा त्यांची नजर बरीच गेलेली होती. कोलंबियाच्या ओपीडीत मात्र अंध रुग्ण क्वचितच दिसायचे.

शहर एक, हवा-पाणी एक, डॉक्टरही बऱ्याच अंशी त्याच विद्यापीठाचे. मग हे कसं?

या दोन्ही ठिकाणी त्या काळात अनेक डॉक्टर येत-जात असणार. हा फरक त्यांच्याही डोळ्यांसमोर असणारच. पण ‘तिकडचे रुग्ण असेच असतात’ असं मनाशी म्हणून पुढे जाणं सोपं असतं. बाथ तिथे थांबल्या.

इथे थोडं आकडेवारीबद्दल बोलायला हवं, कारण एवढ्या निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. ओपीडीत कोण येतं, हे त्या ओपीडीवर अवलंबून असतं. एखाद्या वस्तीतले लोक नजर पूर्ण गेल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढतच नसतील, तर तिथल्या ओपीडीत अंधांचं प्रमाण जास्त दिसणारच. दुसरीकडे लोक चष्म्याचा नंबर काढायलाही येत असतील, तर तिथलं प्रमाण आपोआप कमी दिसेल. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल चुकीचं आहे. भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा, म्हणजे एकूण कितींपैकी इतके अंध, हे ठरवल्याशिवाय अशी तुलना करता येत नाही.

बाथ यांनी म्हणून ओपीडीतल्या अनुभवावर न थांबता जुन्या नोंदींच्या आधारे अभ्यास केला. मागे वळून आकडे तपासणाऱ्या अशा अभ्यासाला साथरोगशास्त्रात वेगळं नाव आहे, पण कल्पना साधी : आजार कोणाला झाला, कुठे झाला, कधी झाला हे नोंदींतून शोधायचं. निष्कर्ष असा निघाला की कृष्णवर्णीयांमध्ये अंधत्वाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट आहे.

आणि त्याचं मोठं कारण त्यांनी मांडलं ते म्हणजे डोळ्यांचे उपचार मिळण्याची सोयच नसणं. लोक अंध होत होते, कारण वेळेवर तपासायला कोणी नव्हतं आणि ऑपरेशन करायला जागा नव्हती.

मग त्यांनी काय केलं?

हे कळल्यावर पहिली अडचण अगदी हातातली होती. हार्लेम हॉस्पिटलमध्ये डोळ्यांची ऑपरेशनं होतच नव्हती. रुग्ण तपासला, मोतीबिंदू आहे असं सांगितलं, पुढे काय?

बाथ कोलंबियातल्या आपल्या प्राध्यापकांकडे गेल्या आणि हार्लेममध्ये येऊन गरीब अंध रुग्णांची ऑपरेशनं एक पैसा न घेता करा, असा आग्रह धरला. स्वतः सहायक सर्जन म्हणून मोफत उभं राहण्याची तयारी दाखवली. प्राध्यापक तयार झाले. १९७० मध्ये हार्लेम हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचं पहिलं मोठं ऑपरेशन झालं.

एक प्रशिक्षणार्थी, तीही स्त्री, तीही कृष्णवर्णीय, आपल्या प्राध्यापकांना दुसऱ्या दवाखान्यात फुकट काम करायला लावते, हे त्या काळात किती अवघड असेल याची कल्पना आजच्या कुठल्याही रेसिडेंट डॉक्टरला विचारून बघा.

१९७० ते ७३ या काळात त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात नेत्रविज्ञानाची रेसिडेन्सी केली. तिथे या विषयात प्रशिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन. याच वर्षांत लग्न झालं, मुलगी झाली. त्यानंतर त्यांनी कॉर्निया रोपण आणि कृत्रिम कॉर्नियाचं विशेष शिक्षणही घेतलं.

सामुदायिक नेत्रविज्ञान म्हणजे काय?

१९७६ च्या सुमारास बाथ यांनी ‘कम्युनिटी ऑप्थॅल्मॉलॉजी’ ही कल्पना मांडली. मराठीत सामुदायिक नेत्रविज्ञान म्हणता येईल. सार्वजनिक आरोग्य, वस्तीपातळीवरची आरोग्यसेवा आणि डोळ्यांचं वैद्यकशास्त्र या तिन्हींची ही सांगड.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. डोळ्यांची नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारे, डोळ्यांच्या आजाराची लक्षणं ओळखून पुढे पाठवणारे ते ऑप्टोमेट्रिस्ट. वैद्यकीय पदवी घेऊन औषधोपचार आणि ऑपरेशन करणारे ते ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट, म्हणजे नेत्ररोगतज्ज्ञ. बाथ या दुसऱ्या प्रकारात येतात. पण त्यांच्या कल्पनेतला मोठा वाटा पहिल्या प्रकारच्या कामाचा होता, म्हणजे तपासणीचा. सर्जन कितीही निष्णात असला तरी रुग्ण त्याच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही तर तो काय करणार?

म्हणून बाथ यांच्या योजनेत केंद्रस्थानी स्वयंसेवक होते. थोडं प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक वृद्धांच्या विरंगुळा केंद्रांमध्ये आणि लहान मुलांच्या पाळणाघरांमध्ये जाणार, तिथल्या लोकांची नजर तपासणार, मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका आली तर त्या व्यक्तीला डॉक्टरकडे पाठवणार. मुलांमध्ये चष्म्याची गरज कोणाला आहे हेही यात कळणार. फळ्यावरचं नीट न दिसणारं मूल वर्गात मागे पडतं आणि त्याला ‘ढ’ म्हटलं जातं. खरं तर त्याला फक्त चष्मा हवा असतो.

१९७९ मध्ये त्यांनी ही भूमिका ‘जर्नल ऑफ द नॅशनल मेडिकल असोसिएशन’मध्ये लेखाच्या रूपानेही मांडली.

काचबिंदूच्या बाबतीत तर ही तपासणी फारच महत्त्वाची. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने बहुतेक वेळा परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस हळूहळू खराब होते आणि गेलेली नजर परत आणता येत नाही. त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. कोणीतरी मुद्दाम तपासलं तरच कळतं.

बाथ यांच्या निष्कर्षाला पुढे दुसऱ्यांनीही दुजोरा दिला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घरोघरी जाऊन मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूमुळे आणि काचबिंदूमुळे येणारं अंधत्व कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याचं त्यात दिसलं. म्हणजे बाथ यांनी १९६९ च्या सुमारास जे पाहिलं, ते २० वर्षांनंतरही बदललेलं नव्हतं.

तळघरातली खोली

१९७४ मध्ये बाथ लॉस एंजेलिसला गेल्या. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीएलए) जूल्स स्टाइन आय इन्स्टिट्यूटमध्ये नेत्रविज्ञान विभागाच्या पहिल्या महिला प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्यांना बसायला जागा देऊ केली ती तळघरात, प्रयोगासाठी ठेवलेल्या प्राण्यांच्या शेजारी.

बाथ यांनी ती नाकारली. हा वंशभेद आहे किंवा बाई म्हणून डावललं जातंय असं आपण तेव्हा म्हटलं नाही, तर ही जागा योग्य नाही एवढंच म्हटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. नीट खोली मिळाली. मग आपण आपलं काम करायचं, असं त्यांनी ठरवलं.

हा प्रसंग वाचून राग येतो, आणि थोडं आश्चर्यही वाटतं. भांडणाला कारण होतं, पुरावा होता. पण भांडत बसलो तर दिवस त्यातच जाईल, हा हिशोब त्यांनी केला असावा. प्रत्येकीने असंच करावं असं अजिबात नाही. त्यांनी मात्र असं केलं.

१९७६ मध्ये त्यांनी तीन सहकाऱ्यांसोबत ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ब्लाइंडनेस’ ही संस्था स्थापन केली. दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, हे या संस्थेचं तत्त्व. नवजात बाळांच्या डोळ्यांत संसर्ग रोखणारे थेंब, कुपोषित मुलांना व्हिटॅमिन ए, गोवरासारख्या आजारांवरची लस अशा स्वस्त आणि साध्या उपायांवर संस्थेचा भर होता. गोवर आणि व्हिटॅमिन एची कमतरता या दोन्ही गोष्टींमुळे मुलांची नजर जाऊ शकते.

१९८३ मध्ये त्या ड्रू-यूसीएलए या संयुक्त रेसिडेन्सी कार्यक्रमाच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेत नेत्रविज्ञानाच्या रेसिडेन्सी कार्यक्रमाचं प्रमुखपद मिळवणारी ही पहिली महिला.

लेझरफॅको : नेमकं काय होतं ते यंत्र?

आता लेझरकडे येऊ.

डोळ्यात बुबुळाच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. ते पारदर्शक असतं तोवर आपल्याला स्पष्ट दिसतं. वय वाढलं की त्यातली प्रथिनं बदलतात आणि भिंग धुरकट होत जातं. हाच मोतीबिंदू. यावर औषध नाही, थेंब नाहीत. ते भिंग काढावंच लागतं आणि त्याजागी आता कृत्रिम भिंग बसवतात.

पूर्वी ते अख्खं भिंग बाहेर काढायचे. त्यासाठी डोळ्याला मोठा छेद द्यावा लागायचा, टाके पडायचे, रुग्णाला दिवसेंदिवस न हलता पडून राहावं लागायचं आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हे वाक्य त्या काळातलं. आपल्याकडे अजून कित्येक घरांत ते ऐकू येतं.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कचेच डॉ. चार्ल्स केलमन यांनी यात मोठा बदल केला. दातांच्या डॉक्टरकडे दात साफ करणारं अल्ट्रासाउंडचं उपकरण बघून त्यांना सुचलं की अशाच कंपनांनी डोळ्यातलं भिंग आतल्या आत फोडून लहानशा छिद्रातून शोषून घेता येईल. हेच ‘फेको’. आज शहरात कोणी ‘फेको करून घेतलं’ म्हणतं, ते मूळ केलमन यांचं तंत्र.

बाथ यांना १९८१ मध्ये सुचलेली कल्पना अशी : कंपनांऐवजी लेझर वापरला तर?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही फिजिक्सच्या लॅबमध्ये हेलियम-निऑन लेझरचा लाल ठिपका भिंतीवर पाडायचो. त्यापलीकडे त्या लेझरने काही होत नाही, हाताला चटकाही बसत नाही. बाथ यांचा लेझर वेगळ्या जातीचा होता. त्याला एक्सायमर लेझर म्हणतात. तो अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अगदी छोट्या झटक्यांत सोडतो. या प्रकाशाच्या प्रत्येक झटक्यात इतकी ऊर्जा असते की तो पेशीजाल मुख्यतः जाळत नाही, तर रेणूंमधले बंध तोडून त्याचा पातळ थर उडवून लावतो. आजूबाजूच्या भागाला उष्णता कमी पोचते. चष्मा घालवण्याच्या लेसिक ऑपरेशनमध्ये कॉर्नियाला आकार देणारा लेझरही याच कुटुंबातला.

अडचण होती ती हा प्रकाश डोळ्याच्या आत न्यायची. लेसिकमधला १९३ नॅनोमीटरचा प्रकाश काचतंतूतून नीट जात नाही. ३०८ नॅनोमीटरचा जातो. बाथ यांनी हाच वापरला. त्यांच्या उपकरणाच्या टोकाशी तीन गोष्टी एकत्र होत्या : लेझर नेणारा काचतंतू, पाणी सोडणारी नळी आणि फुटलेले कण शोषून घेणारी नळी. सुमारे एक मिलिमीटरच्या छिद्रातून हे टोक आत जाणार, भिंग फोडणार आणि बाहेर ओढणार. नाव ठेवलं ‘लेझरफॅको’.

कल्पना सुचली तरी अमेरिकेत त्यांना असा लेझर वापरायला मिळेना. चांगली यंत्रं बहुतांश लष्करी कामात होती. शेवटी त्या युरोपात गेल्या आणि बर्लिन, पॅरिस व इंग्लंडमधलं लफबरो इथल्या प्रयोगशाळांमध्ये त्यांचं काम पुढे सरकलं. १९८७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध ‘आर्काइव्हज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात आला. डिसेंबर १९८६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. १७ मे १९८८ रोजी ते मंजूर झालं. अमेरिकन पेटंट क्रमांक ४,७४४,३६०. वैद्यकीय उपकरणाचं पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला डॉक्टर म्हणून त्यांची नोंद केली जाते. पुढच्या १५ वर्षांत आणखी चार पेटंटं आली. त्यांतलं शेवटचं, २००३ चं, अल्ट्रासाउंड आणि लेझर दोन्ही एकत्र वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मग आज होणारी लेझर शस्त्रक्रिया त्यांचीच का?

नाही. इथेच व्हायरल पोस्ट चुकतात.

आज जगभरातल्या शहरी रुग्णालयांमध्ये मोतीबिंदूसाठी सर्वाधिक वापरलं जातं ते केलमन यांचं अल्ट्रासाउंडचं तंत्र. २०१० च्या आसपास बाजारात आलेला ‘फेम्टोसेकंद लेझर’ हा वेगळा प्रकार आहे. त्याचा प्रकाश अतिनील नसून अवरक्त असतो. तो बाहेरूनच डोळ्यात नेमके छेद देतो, भिंगाचे तुकडे करून ठेवतो, पण ते तुकडे बाहेर काढायला सर्जनला बहुधा अल्ट्रासाउंडची मदत घ्यावीच लागते. रुग्णालयाच्या जाहिरातीत ‘ब्लेडविरहित लेझर मोतीबिंदू शस्त्रक्रिया’ लिहिलेलं असतं ते हे.

म्हणजे बाथ यांचं यंत्र घरोघरी पोचलं नाही. यात त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. तंत्रज्ञानात अशी कितीतरी पेटंटं असतात जी एखादी दिशा शक्य आहे हे दाखवतात आणि बाजार दुसऱ्या दिशेने जातो. पण एखाद्या व्यक्तीचं कौतुक करताना जे तिने केलं नाही ते तिच्या नावावर टाकलं, की जे खरोखर केलं ते मागे पडतं. बाथ यांच्याबाबतीत नेमकं तेच होतं. लेझरचा फोटो फिरतो, हार्लेमच्या ओपीडीतली ती मोजणी फिरत नाही.

आपल्याशी याचा काय संबंध?

भारताचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे बाथ आपली संस्था काढत होत्या त्याच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण टाळता येण्याजोगं अंधत्व हा फक्त डॉक्टरांचा नाही, व्यवस्थेचा प्रश्न आहे, हे त्या दशकात अनेक ठिकाणी एकाच वेळी उमगत होतं.

आपल्याकडे २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील लोकांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के आढळलं. त्यातलं ६६.२ टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होतं. ऑपरेशन आहे, कृत्रिम भिंग आहे, सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत ते मोफतही होतं. तरी दर तीन अंधांपैकी दोघं मोतीबिंदूमुळे अंध.

माझ्या आजीचंच सांगतो. तांदूळ निवडल्यावरही भातात खडे लागायला लागले, तेव्हा घरात लक्षात आलं की तिला नीट दिसत नाही. ती कधी म्हणाली नव्हती. वय झालं की असंच व्हायचं, हे तिने गृहीत धरलं होतं आणि आम्हीही. जवळच्या गावात लागलेल्या शिबिरात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी टॉर्च मारून दोन मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत झालं. त्याआधीची तीन-चार वर्षं मात्र कोणी टॉर्च मारलाच नव्हता.

बाथ यांच्या योजनेतला विरंगुळा केंद्रात जाणारा स्वयंसेवक म्हणजे हाच टॉर्च मारणारा माणूस. आपल्याकडे हे काम नेत्रचिकित्सा अधिकारी, ऑप्टोमेट्रिस्ट, आशा कार्यकर्त्या, शालेय आरोग्य तपासणीची पथकं आणि शिबिरं भरवणाऱ्या संस्था करतात. त्यांचे फोटो व्हायरल होत नाहीत.

निवृत्तीनंतर आणि शेवटी

१९९३ मध्ये बाथ यूसीएलएतून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी टेलिमेडिसिनमध्ये रस घेतला. हॉवर्ड विद्यापीठ आणि ग्रेनाडातलं सेंट जॉर्जेस विद्यापीठ इथे त्या या क्षेत्रात काम करत होत्या. दूरच्या रुग्णाला तज्ज्ञाचा सल्ला तारेवरून पोचवायचा, ही कल्पना करोनाकाळात आपल्या अंगवळणी पडली. तेव्हा ती नवी होती.

आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण म्हणून त्यांनी पेटंटचा किंवा पदाचा उल्लेख केला नव्हता. उत्तर आफ्रिकेत एका मोहिमेवर असताना त्यांनी कृत्रिम कॉर्निया बसवून एका स्त्रीची नजर परत आणली होती. ती स्त्री ३० वर्षं अंध होती.

३० मे २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, वयाच्या ७६ व्या वर्षी, डॉ. बाथ यांचं निधन झालं. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०२२ मध्ये झाला, लेझरफॅकोसाठी. इंटरनेटवरून बोलण्याच्या तंत्रावर काम करणाऱ्या मॅरियन क्रोक यांच्यासोबत त्या या यादीतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. तोवर त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती.